पावसात डोंगरावर जायचं की नाही? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न दर पावसाळ्यात शुक्रवारी रात्री येतात. सॅक भरून झालेली असते, गाडी ठरलेली असते, आणि मग कुणीतरी हवामानाची बातमी ग्रुपवर टाकतं. खरं तर ते बुधवारी यायला हवेत. खालची उत्तरं सह्याद्रीतल्या एक-दोन दिवसांच्या भटकंतीपुरती आहेत. हिमालयाचे हिशेब वेगळे, ते इथे काढलेले नाहीत.

पाऊस आहे म्हणून जायचंच नाही का?

तसं ठरवलं तर जून ते सप्टेंबर घरीच बसावं लागेल. नुसत्या पावसाने माणूस भिजतो, एवढंच. घात होतो तो पावसासोबत येणाऱ्या गोष्टींनी: फुगलेला ओढा, शेवाळलेला कातळ, माथ्यावरचा वारा, आणि ‘एवढं आलोय तर आता’ म्हणणारा सोबती. म्हणून ‘पाऊस आहे का?’ हा प्रश्न अपुरा पडतो. ‘या वाटेवर, एवढ्या पावसात, या माणसांना घेऊन जायचं का?’ असा विचारला की उत्तर सापडायला लागतं. एकाच रविवारी लोहगडाच्या पायऱ्या चढता येतील आणि सांधण दरीत पाऊल टाकणं शुद्ध वेडेपणा ठरेल.

यलो, ऑरेंज, रेड अलर्टचा ट्रेकसाठी नेमका अर्थ काय घ्यायचा?

हवामान विभाग २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पावसाला जोरदार म्हणतो, ११५.६ ते २०४.४ ला अति जोरदार, आणि त्यापुढे अत्यंत जोरदार. रंग साधारण याच चढत्या क्रमाने लागतात, पण अंदाजाची खात्री किती आणि परिणाम काय होईल हेही त्यात धरलेलं असतं.

आमचा रिवाज असा. रेड असेल तर नाही. त्यावर चर्चा नाही, मतदान तर नाहीच. ऑरेंज असेल तर ओढा ओलांडावा लागणारी, कातळटप्पा असणारी आणि दिवसभर लांबणारी प्रत्येक वाट बाद. उरतं ते बहुतेक वेळा रद्द करण्याइतकंच उरतं. यलो म्हणजे जुलैतला नेहमीचा दिवस, वाट पाहून ठरवा. हिरवा रंग दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका, कारण कालचं पाणी आजही ओढ्यात असू शकतं.

एक चूक मात्र दर वर्षी होते. लोक जिल्ह्याचं नाव वाचतात आणि पुढचा शब्द सोडून देतात. पुणे, सातारा, कोल्हापूर, नाशिक या जिल्ह्यांसाठी घाटमाथ्याचा इशारा बऱ्याचदा वेगळा दिलेला असतो आणि तुमचा गड नेमका तिथेच असतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. घाट उतरून तीस-बत्तीस किलोमीटरवरच्या वाईत त्याचा पाव हिस्साही पडत नाही. कोथरूडच्या गॅलरीतून आभाळ बघून ताम्हिणीचा निर्णय घेणाऱ्यांना एवढं सांगून ठेवतो.

इशारा एकदाच बघून भागत नाही. बुधवारी बघा, निघायच्या आदल्या रात्री बघा, पहाटे गाडीत बसण्याआधी बघा. पुढच्या तीन तासांसाठीचा तात्काळ इशाराही निघतो. पायथ्याला चहा पिताना तो वाचायला दोन मिनिटं पुरतात.

फोनमधलं अ‍ॅप चाळीस टक्के पाऊस दाखवतंय. म्हणजे बरं ना?

ती टक्केवारी पावसाच्या शक्यतेची आहे, जोराची नाही. शिवाय अ‍ॅप ज्या चौकोनाचा अंदाज देतं, त्यात तुमचा डोंगर, पलीकडचं कोकण आणि अलीकडचं देशावरचं गाव असं सगळं एकत्र असू शकतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच मुंबईत कुलाब्याला जेमतेम ७३. सपाटीवरच्या एका शहरात एवढा फरक पडतो, तर एका कड्याच्या दोन बाजूंना काय होत असेल याचा अंदाज करा.

मग खरी माहिती कुणाकडून घ्यायची?

पायथ्याच्या गावातून. ज्यांच्याकडे जेवण सांगायचंय, त्या मामांना फोन लावा. पण ‘मामा, पाऊस आहे का?’ असं विचारू नका. ते म्हणणार, ‘हाय की, या तुम्ही.’ त्यांना पाऊस रोजचाच आहे, आणि तुम्ही आलात तर चार पैसे मिळणार आहेत. यात त्यांचं काही चुकत नाही. विचारायचं ते असं: झड कधीपासून लागली? ओढ्याला पाणी कुठवर आहे? काल गुरं पलीकडे नेली होती का? त्या वाटेने दोन दिवसांत कुणी वर गेलं का? तुम्ही स्वतः उद्या पोराला वर पाठवाल का? शेवटच्या प्रश्नावर पलीकडून थोडं थांबून उत्तर आलं, तर तेच उत्तर समजा.

पावसात कुठल्या वाटा बाद समजायच्या?

नकाशा समोर ठेवून आधी एवढंच बघा की वाट सोंडेवरून जाते की नाळेतून. सोंडेवरचं पाणी दोन्ही बाजूंना उतरून जातं. नाळ म्हणजे डोंगराचं गटार. वरचं सगळं पाणी आणि सुटलेले दगड तिथूनच खाली येतात. दुसरं, जाताना आणि येताना एकच ओढा दोनदा लागतो का? तिसरं, अर्ध्यातून फिरलो तर आलेली वाट उघडी राहते का?

या हिशेबाने साम्रदची सांधण दरी पावसाळ्यात बंदच. दोन्हीकडे उभे कातळ, मध्ये पाणी, आणि बाजूला चढून सुटायला जागा नाही. हरिश्चंद्रगडाची नळीची वाट तिच्या नावातच काय ते सांगते. ढाक बहिरीच्या गुहेकडे जाणारा कातळ कोरडा असतानाही पोटात गोळा आणतो, ओला असताना तिकडे फिरकू नये.

हरिश्चंद्रगड करायचाच असेल तर पाचनईची वाट त्यातल्या त्यात सरळ. खिरेश्वरकडून तोलार खिंडीपुढे कातळाचा टप्पा आहे. तिथे रेलिंग आहे हे खरं, पण त्यानंतर जे लांबलचक पठार लागतं त्यावर धुक्यात माणसं गोल गोल फिरतात. भीमाशंकरला खांडसहून दोन वाटा आहेत. शिडी घाट थरारक म्हणून मिरवतात. शिड्यांवरून पाणी वाहत असताना तो थरार दुसऱ्यांना लखलाभ. गणेश घाट लांब आहे, थोडा कंटाळवाणा आहे, आणि पावसात तोच घ्यायचा.

हरिहर गडाचं प्रकरण वेगळं. त्या खड्या पायऱ्यांना हात घालायला खोबण्या आहेत, रिमझिम पावसात सवयीचा माणूस चढून जातो. पण पायऱ्या एकच माणूस मावेल एवढ्या, आणि रविवारी चढणारे-उतरणारे समोरासमोर येतात. तिथे तुमची तयारी असून उपयोग नाही, कारण वरून घसरणारा तुम्हाला विचारून घसरत नाही. सुट्टीच्या दिवशी पावसात हरिहर नको. मधल्या वारी बघा.

कळसूबाई १६४६ मीटर, राज्यातलं सर्वोच्च शिखर. शिड्या असल्यामुळे बारीकडून वाट अवघड नाही. तिथे त्रास वाऱ्याचा, थंडीचा आणि शिडीपाशी भिजत उभं राहण्याचा. पण कुठूनही मागे फिरता येतं, हा मोठा गुण आहे.

मध्ये ओढा लागला. ओलांडायचा कसा?

आधी ‘कसा’ सोडा, ‘ओलांडायचा का’ ते बघू. आपले ओढे आखूड आणि उताराचे. माथ्यावर सर कोसळली की पाणी काही मिनिटांत चढतं, तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी. म्हणून आभाळ बघायचं ते ओढ्याच्या उगमाकडचं.

पाणी नितळ होतं ते लालसर झालं, पालापाचोळा आणि काटक्या वाहून यायला लागल्या, आवाज जाड झाला, तळाशी दगड गडगडताना ऐकू येऊ लागले, की काठ सोडून वर या. त्या वेळी पाण्यात कुणी असेल तर सामान विसरून बाहेर.

वेगाचं पाणी गुडघ्याच्या वर असेल तर नाही. तळ दिसत नसेल तर नाही. आणि जे बहुतेक जण बघतच नाहीत ते हे: खाली काय आहे? पन्नास पावलांवर ओढा कड्यावरून खाली उडी घेत असेल, तर घोट्याएवढ्या पाण्यातही शेवाळावरून पाय सटकणं परवडणारं नाही. अशी जागा दिसली की वरच्या अंगाला जाऊन रुंद, उथळ पात्र शोधायचं.

सकाळी पलीकडे जाताना पाण्याच्या कडेचा एखादा दगड लक्षात ठेवा, फोटो काढा. परतताना तो दगड बुडालेला असेल तर अंदाजपंचे बोलायची गरज उरत नाही.

ओलांडायचंच ठरलं तर सॅकचा कमरेचा पट्टा सोडा, काठी घ्या, तोंड प्रवाहाकडे ठेवा, दोघं-तिघं एकमेकांना धरून हळू सरका. बूट काढू नका. आणि दोर कमरेला बांधून कुणालाही पाण्यात उतरवू नका. पाय सटकला तर ताणलेला दोर माणसाला प्रवाहाखाली दाबून धरतो. दोर वापरायची पद्धत आहे, पण ती शिकलेल्याने वापरायची आहे.

सगळ्यात सोपा उपाय लोकांना सगळ्यात अवघड जातो, तो म्हणजे थांबणं. पाणलोट लहान असला की पाणी चढतं झटपट तसं उतरतंही. सर थांबली की तास-दोन तासांत बराच फरक पडतो. नाहीच उतरलं तर अलीकडच्या वाडीत मुक्काम करा. सोमवारची हजेरी बुडेल, बुडू द्या.

धबधब्याखाली उभं राहिलं तर चालेल?

वरून पाण्यासोबत दगड येतो, म्हणून बरोबर खाली उभं राहणं नकोच. आणि प्रवाहाच्या मधल्या खडकावर कुटुंबाचा फोटो काढणं तर अजिबात नको. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, त्यात लहान मुलं होती. ती कुठला अवघड गड चढत नव्हती, सहलीला आली होती.

विजा चमकायला लागल्या तर?

जुलै-ऑगस्टच्या संततधारेत विजा तुलनेने कमी. धोका जास्त तो वळवाचा, मृगाच्या सुरुवातीचा आणि परतीच्या, म्हणजे हत्तीच्या पावसाचा. गंमत अशी की सप्टेंबरअखेर ‘पाऊस संपला’ म्हणून बेफिकीर होतात तेव्हाच दुपारनंतर ढग गडगडायला लागतात. त्या दिवसांत माथ्यावरून दुपारच्या आत उतरायला लागा.

वीज दिसल्यापासून आवाज येईपर्यंत सेकंद मोजा. आवाज तीन सेकंदांत साधारण एक किलोमीटर येतो. तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे आणि माथा, धार, बुरूज, एकटं झाड, लोखंडी शिडी, रेलिंग हे सगळं सोडायला हवं. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तसंच थांबा. उघड्यावर सापडलात तर एकमेकांपासून दूर व्हा, पाय जुळवून उकिडवे बसा, आडवे पडू नका. उथळ कपारीत शिरून अंग कातळाला टेकवणं हा आसरा नव्हे. पक्कं घर किंवा बंद गाडी मात्र खरंच सुरक्षित.

पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ अ‍ॅप आसपासच्या विजांचा इशारा देतं. चांगलं आहे, पण त्याला रेंज लागते. डोंगरात आपले कान जास्त कामाचे.

धुक्यात वाट सापडेल का? जीपीएस ट्रॅक आहे आमच्याकडे.

ट्रॅक दुसऱ्या कुणाचा आहे, बहुतेक उन्हाळ्यात घेतलेला आहे, आणि ओल्या बोटांनी पडदा चालत नाही. ट्रॅक असू द्या, पण वाट माहीत असलेला गावातला माणूस सोबत घ्या. पठारावर ढोरवाटा दहा फुटतात आणि पावसात गवताने खऱ्या वाटेलाही गाडून टाकलेलं असतं. वाट सुटली असं वाटलं तर पुढे शोधत जाऊ नका, शेवटच्या ओळखीच्या खुणेपर्यंत परत या. कड्याच्या काठावरचं गवत पायाखाली जमीन आहे असा भास निर्माण करतं, तेव्हा हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यासारख्या ठिकाणी धुक्यात काठाच्या जवळ जाण्यात काही अर्थ नाही. दिसणार तर काहीच नाहीये.

महाराष्ट्रात कसली आलीय थंडी?

येते, आणि माणसं तिथेच फसतात. बर्फ लागत नाही त्याला. दोन-तीन तास भिजलेला माणूस माथ्यावरच्या वाऱ्यात उभा राहिला, वर पोटात काही नसलं, की शरीराची उष्णता भराभर जाते. शरीराचं तापमान ३५ अंशांच्या खाली गेलं की ते आजारपण झालं. आधी हुडहुडी भरते, मग बोटं बटण लावेनाशी होतात, पाय अडखळतो, बोलणं जड होतं, आणि माणूस चिडचिड करतो किंवा एकदम गप्प होतो. हुडहुडी थांबली पण माणूस ताळ्यावर नसेल, तर ते बरं होण्याचं नाही, बिघडण्याचं लक्षण आहे.

उपाय गावठी आहेत. सुती टी-शर्ट आणि जीन्स घालू नका. एक कोरडा जोड आणि कानटोपी दुहेरी प्लास्टिकमध्ये बांधून सॅकच्या तळाशी ठेवा आणि फोटोसाठी ती बाहेर काढू नका. वाऱ्याच्या आड जाऊन ओले कपडे बदला, गूळ-शेंगदाणे, चिक्की, गरम चहा द्या. दारू नको, ऊब आल्यासारखं वाटतं आणि उष्णता आणखी जाते. छत्री माथ्यावर निरुपयोगी. पोंचो वाऱ्यात पतंगासारखा उडतो, त्यापेक्षा जाकीट बरं.

दरडींचं काय? गडावर तर दरड कोसळत नाही ना?

दरडी कोसळल्या त्या अशा: माळीण ३० जुलै २०१४, तळीये २२ जुलै २०२१, इर्शाळवाडी १९ जुलै २०२३. तारखा बघा. सगळ्या जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यातल्या, म्हणजे तरणा (पुनर्वसूचा) पाऊस सरून म्हातारा (पुष्याचा) लागतो त्या सुमाराच्या. तोवर महिनाभराच्या पावसाने कातळावरचा मातीचा थर पाणी पिऊन जड झालेला असतो आणि एखाद्या मोठ्या झडीने सुटतो. इर्शाळवाडी तर इर्शाळगडाच्या वाटेवरचीच वस्ती. कित्येक ट्रेकरांनी तिथे पाणी प्यायलेलं आहे.

म्हणून नुसता आजचा पाऊस बघून चालत नाही, मागच्या तीन-चार दिवसांचा मिळून बघायचा. सलग झड लागली असेल तर सुट्टीच्या दिवशी उघडीप मिळाली तरी तीव्र मातीच्या उताराखालून जाणाऱ्या वाटा टाळा. नव्या भेगा, तिरकी झालेली झाडं, जिथे कधी नव्हतं तिथून फुटलेलं गढूळ पाणी, यातलं काही दिसलं तर गावात सांगा आणि तिथून निघा. घाटरस्ताही हिशेबात धरा. पावसात रात्री माळशेज किंवा ताम्हिणी उतरणं हे कित्येकदा ट्रेकपेक्षा जास्त जोखमीचं असतं.

पैसे भरलेत, आता आयोजक परत देणार नाही. जावंच लागेल ना?

पैसे गेलेलेच आहेत. तुम्ही गेलात तरी ते परत येणार नाहीत, मग ते निर्णयात कशाला? पुढच्या वेळी भरण्याआधी विचारा: इशारा आला तर ट्रेक रद्द होतो की ठिकाण बदलतं, एका लीडरमागे किती माणसं, लीडर ती वाट पावसात चाललाय का, राज्याच्या साहसी पर्यटन धोरणाखाली नोंदणी आहे का? हे धोरण २०२१ मध्ये आलं. ‘पाऊस म्हणजेच मजा’ एवढंच उत्तर देणाऱ्याला नमस्कार करा.

बंदी आदेश निघालाय, पण लोक जातायत.

जाऊ द्या त्यांना. जिल्हाधिकारी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली, म्हणजे पूर्वीच्या १४४ प्रमाणे, धबधबे, धरणं, गड अशी ठिकाणं ठरावीक मुदतीसाठी बंद करतात. सरसकट बंदीबद्दल आमच्यात मतभेद आहेत. माझ्या मते तिने नवखा थांबत नाही, तो आडवाटेने जातो. पण मत काहीही असो, बंदी असलेल्या डोंगरात अडकलात तर तुम्हाला काढायला येणारा माणूसही त्याच पावसात चढणार आहे.

वर गेल्यावर माघारी कधी फिरायचं?

ते खालीच ठरवा, कारण वर ठरवता येत नाही. तीन गोष्टी पायथ्याला सगळ्यांसमोर बोलून ठेवा: माथा आला नाही तरी कितीला फिरायचं, कुठल्या खिंडीत किंवा ओढ्यापाशी थांबून पुन्हा विचार करायचा, आणि कुणीही एकाने ‘नको’ म्हटलं तर सगळे फिरणार. तिसरी अट नवख्यांसाठी आहे. सगळ्यात आधी घाबरतो तो बोलत नाही, दमल्याचं कारण सांगतो. त्याला तोंड उघडायला जागा करून द्या. पावसात उतरायला चढण्याइतकाच वेळ लागतो, कधी जास्त, हेही त्यात धरा.

मुलांना, आईबाबांना घेऊन?

पायऱ्यांचा गड, मधला वार, यलोच्या वर इशारा नाही. यातलं एक जरी जमत नसेल तर नको.

बूट कुठले?

शेवाळावर कुठलाच बूट टिकत नाही. झिजलेला तळवा टाळा आणि ओल्या कातळावर पाय सपाट टाका.

अडकलोच तर?

११२ लावा. रेंज नसली तरी फोनचा जीपीएस चालतो. अक्षांश-रेखांश लिहून घ्या आणि रेंज मिळेल तिथून मेसेज करा, कारण कॉल तुटतो तिथे मेसेज कधी कधी निघून जातो. किती जण, कोण जखमी, शेवटची ओळखीची जागा कुठली, हे सांगा आणि मग जागा सोडू नका. बॅटरी वाचवा. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या बचाव तुकड्यांतली माणसं स्वयंसेवक आहेत, आपापली कामं टाकून रात्री-अपरात्री येतात, आणि पोहोचायला काही तास लागतात. तेवढे तास निभावण्यापुरतं कोरडं कापड, खाणं आणि टॉर्च प्रत्येकाकडे हवं. जाण्याआधी घरी वाटेचं नाव आणि परतायची वेळ लिहून ठेवा. ‘लोणावळ्याकडे गेलोय’ एवढ्यावर कुणी शोधू शकत नाही.

रद्द केलं. आता रविवारी काय करायचं?

घाटमाथ्यावर यलो असेल तर लोणावळ्याजवळच्या भाजे गावची लेणी बघा, चांगल्या पायऱ्या आहेत. मुंबईकरांना बोरिवलीत कान्हेरी आहे, नाशिककरांना पांडवलेणी. सकाळी लवकर जा, दुपारच्या आत घरी या; लोणावळ्याच्या बाजूला असाल तर अकरानंतरच्या वाहनकोंडीतून परतायला गड चढण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. आणि रेड असेल तर लेणीही नकोत.